पेनाला तडा एप्रिलमध्ये जातो, पण चूक श्रावणात झालेली असते

ताईचा फोन आला तेव्हा एप्रिल संपत आला होता. "अरे, तू दिलेल्या पेनाला केसाएवढी चीर पडलीय. माझ्या हातून पडलं-बिडलं नाही हं," असं तिनं दोनदा सांगितलं. ती नागपूरला शाळेत शिकवते. पेन मी तिला रक्षाबंधनाला दिलं होतं, आमच्या रत्नागिरीच्या घरामागे पावसात आडव्या झालेल्या फणसाचं. तिच्या हातून खरंच काही झालेलं नव्हतं. चीर पडणार हे ऑगस्टमध्येच ठरलं होतं, मी त्या लाकडाला भोक पाडलं त्या दुपारी.

घरच्या घरी लाकडी पेनं करणाऱ्यांच्या बहुतेक अडचणींचं असंच आहे. बिघाड दिसतो एका पायरीवर आणि घडलेला असतो तीन पायऱ्या आधी. शेवटी भाग जोडताना पेन तडकलं की आपण दाबणाऱ्या वाइसला दोष देतो, पण दोष असतो नळीत वाळलेल्या गोंदाचा. पेन गोल न होता अंडाकृती झालं की पटाशी पाजळत बसतो, आणि दोष असतो तिरक्या कापलेल्या टोकाचा. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. म्हणून नुसते उपाय सांगण्याऐवजी पेन आतून कसं असतं तिथून सुरुवात करतो. ते समजलं की अर्धे उपाय आपले आपल्याला सुचतात.

पोटात पितळ, अंगावर लाकूड

बाहेरून अखंड लाकडी दिसणारं पेन पोटात धातूचं असतं. सगळ्यात सोपा आणि नवशिक्यांनी निवडावा असा प्रकार म्हणजे स्लिमलाइन. त्याच्या किटमध्ये पितळेच्या दोन पातळ नळ्या येतात. ७ मिलिमीटरच्या भोकात त्या बसतात आणि सुमारे ५३ मिलिमीटर लांब असतात. शिवाय लिहायचं टोक, रिफिल आत-बाहेर करणारी पिळाची यंत्रणा, मधली कडी, क्लिप आणि डोक्यावरची टोपी. आपण पाऊण इंच चौरस, पाच इंच लांब लाकडाचा तुकडा घ्यायचा, मधोमध कापायचा, दोन्ही अर्ध्यांना लांबीत भोक पाडायचं, नळ्या चिकटवायच्या, टोकं सपाट करायची, लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, कातायचं, घासायचं, चकाकी द्यायची आणि शेवटी धातूचे भाग नळीत दाबून बसवायचे. गोंद लागतो तो नळ्यांपुरता, बाकी सगळं दाबावर बसतं.

कातणं हा आपला जुना शब्द आहे. लेथवर लाकूड गोल करणारा तो कातारी, आणि पलंगाचे, पाळण्याचे नक्षीदार पाय ते कातीव पाय. सावंतवाडीची लाकडी खेळणी याच कामातून येतात. पेन हे त्याच कामाचं सगळ्यात नाजूक रूप म्हणावं लागेल, कारण इथे उरणारं लाकूड फारच थोडं असतं. कातून झाल्यावर टोकाशी पेनाची जाडी सव्वाआठ मिलिमीटरच्या आसपास राहते, आणि त्यातले जवळजवळ सात नळीचे. म्हणजे एका बाजूला लाकूड उरतं सहा दशांश मिलिमीटर. दोन-तीन पोस्टकार्डं एकावर एक ठेवावीत, एवढंच.

या पोस्टकार्डाएवढ्या लाकडाला पितळेला धरून राहायचं असतं, आणि त्या दोघांचा स्वभाव जुळत नाही. लाकूड तोडून कितीही वर्षं झाली तरी हवेशी पाण्याची देवाणघेवाण थांबवत नाही. श्रावणात कोकणातली हवा ८०-८५ टक्के दमट असते, तेव्हा लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या १६-१७ टक्के पाणी मुरलेलं असतं. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारची आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते. तिथे तेच लाकूड पाच टक्क्यांच्या घरात उतरतं. पाणी गेलं की लाकूड आकसतं, पण सगळीकडून सारखं आकसत नाही. लांबीत जवळजवळ नाहीच. वर्षवलयांच्या कडेनं सगळ्यात जास्त, आणि गाभ्याकडून सालीकडे त्याच्या साधारण निम्मं. ओलं सागवान पूर्ण कोरडं करून मोजलं, तर वलयांच्या दिशेनं साडेपाच टक्क्यांच्या आसपास आणि गाभ्या-सालीच्या दिशेनं अडीच टक्के कमी भरतं. पुष्कळ झाडांचं लाकूड याहून जास्त आकसतं. दारं-खिडक्यांसाठी सागाला मान मिळाला, त्यातलं एक कारण हेच.

आता पेनाचा हिशेब करू. सव्वाआठ मिलिमीटर जाडीच्या पेनाचा परीघ सुमारे २६ मिलिमीटर होतो. कोकणातून नागपूरला गेल्यावर तो एक ते दीड टक्का आकसायला बघतो, म्हणजे तीन-चार दशांश मिलिमीटर. पण पोटातलं पितळ हवेतल्या पाण्यानं आकसत नाही, ते जागचं हलत नाही. बोट तेवढंच राहावं आणि अंगठी लहान होत जावी, तसं लाकडाचं होतं. काही ताण ते सोसतं, उरलेल्या ताणाला एकच वाट असते. लाकडाचे तंतू लांबीत चिवट, पण एकमेकांना कडेनं धरून राहण्यात कच्चे. म्हणून चीर पडते ती उभी, रेषेच्या बाजूनं, केसासारखी. ताईचं पेन शाळेतून येताना स्कूटरच्या डिकीत तापत होतं, त्यामुळे जे जूनपर्यंत लांबलं असतं ते एप्रिलमध्येच झालं.

यावरचा उपाय भोक पाडायच्या आधीचा आहे आणि तो स्वस्त आहे. दागिने तोलायचा छोटा डिजिटल काटा घ्या. पेनाच्या मापाचा फणसाचा किंवा सागाचा तुकडा साधारण २७ ते ३० ग्रॅम भरतो. तो तोलायचा आणि तुकड्यावरच पेन्सिलीनं वजन लिहायचं. आठवड्यानं पुन्हा तोलायचा. वजन उतरत असेल तर लाकूड अजून पाणी सोडतंय. लागोपाठ दोन-तीन वेळा तोच आकडा आला, म्हणजे त्या जागेच्या हवेशी त्याचं जुळलं. "त्या जागेच्या" हे महत्त्वाचं. पावसाळ्यात रत्नागिरीत स्थिर झालेलं लाकूड कोरडं असतं असं नाही. त्यासाठी मी आता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या दाण्यांबरोबर, तुकडे ठेवतो. वखारीतून आणलेल्या "पाच वर्षं सुकवलेल्या" लाकडालाही हाच नियम लावतो. ओंडका पाच वर्षं पडून राहिला तरी त्याचा गाभा ओला असू शकतो. पेनाच्या मापाचे तुकडे करून, टोकांना मेणबत्तीचं मेण लावून ठेवले तर काही महिन्यांत सुकतात. घाई असेल तर ७ मिलिमीटरचं भोक आधीच पाडून ठेवा. मग लाकूड आतूनही सुकतं. सुकताना भोक किंचित अंडाकृती होतं, नळी बसवायच्या आधी ड्रिलचं तेच बिट पुन्हा एकदा फिरवायचं.

भोकातली आग

भोक पाडताना होणारे अपघात दोन प्रकारचे. बिट पलीकडून बाहेर पडताना लाकडाची कपची उडते, हा दिसणारा. त्यावर साधा तोडगा आहे. तुकडा आठ-दहा मिलिमीटर जास्त लांब ठेवायचा, बिट पलीकडे जाऊच द्यायचं नाही आणि उरलेलं बंद टोक करवतीनं कापून टाकायचं, की भोक आपोआप उघडं पडतं. लांबी कमी असेल तर खाली टाकाऊ फळी घट्ट दाबून धरायची.

दुसरा अपघात दिसत नाही, तो म्हणजे उष्णता. ७ मिलिमीटरच्या साध्या बिटाला भुसा बाहेर काढणाऱ्या खाचा असतात त्या सुमारे ६९ मिलिमीटरच. भोक खोल जाईल तसा भुसा खाचांत ठासतो, बिट घासून तापतं आणि भोकाच्या आतल्या भिंतीला बारीक भेगा पडतात. बाहेरून तुकडा धडधाकट दिसतो. लेथवर कातत कातत आपण त्या भेगांपर्यंत पोहोचतो आणि मग वाटतं की पटाशीनं चीर पाडली. शिसव, चिंचेचा काळपट नार (गाभ्याचं लाकूड), आबनूस अशा घट्ट लाकडांत हे हमखास होतं. म्हणून दर दहा मिलिमीटरला बिट पूर्ण बाहेर काढायचं, ब्रशनं झाडायचं, बोट जवळ नेऊन धग लागते का ते बघायचं. जळका वास आला तर थांबायचंच. एका तुकड्याला पाच मिनिटं जास्त लागतात, पण लाकूड वाचतं.

आणि भोक पाडण्याआधीची एक रेघ. तुकडा मधोमध कापण्यापूर्वी त्या जागी पेन्सिलीनं एक तिरकी रेघ मारून ठेवा. वरचा आणि खालचा भाग अदलाबदल झाला किंवा उलटा लागला की लाकडाची नस कडीपाशी तुटते आणि पेन दोन वेगळ्या झाडांचं वाटतं. तशी चूक झालीच, तर मध्ये गडद लाकडाची पातळ चकती घालून ती नस मुद्दामच तोडायची. हलक्या रंगाच्या लाकडात शिसवाची चकती फार छान दिसते.

गोंद: घाई आणि पोकळी

नळी चिकटवायला घरात हाताशी असतं ते फेविक्विकसारखं झटपट गोंद, म्हणजे सायनोअॅक्रिलेट. ते हवेतल्या आणि लाकडातल्या ओलाव्यानं घट्ट होतं. पावसाळ्यात ते इतकं पटकन धरतं की नळी अर्धी आत गेलेली असतानाच अडकते. अशा वेळी हातोडी मारायचा मोह आवरा, पातळ पितळ लगेच दुमडतं. बाहेर राहिलेला नळीचा भाग बारीक दातांच्या करवतीनं लाकडाला लागून कापायचा, कापलेल्या कडेची खरखर कानशीनं काढायची आणि तोच तुकडा पलीकडच्या तोंडातून गोंद लावून आत सरकवायचा. मध्ये जोड राहतो, पण तो कधी कुणाला दिसत नाही आणि पेन पूर्ण आयुष्य काढतं. ही युक्ती कळली तेव्हा मला फार आनंद झाला होता, कारण त्याआधी असे तीन तुकडे मी चुलीत घातले होते.

मी आता नळीसाठी अॅराल्डाइटसारखं दोन भाग मिसळायचं एपॉक्सीच वापरतो. ते सावकाश धरतं, बारीक पोकळ्या भरतं आणि झटपट गोंदाइतकं ठिसूळ नसतं. लाकूड थोडं हललं तर तेही थोडं सोसतं. नळी आधी १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून निस्तेज करायची, कारण चकचकीत पितळावर गोंदाला पकड मिळत नाही. नळीला गोंद लावून ती गोल फिरवत आत घालायची. सरळ ढकलली तर गोंद सगळा तोंडाशी पुसला जातो आणि मधला भाग कोरडा राहतो. तिथे लाकडाला आधार नसतो, आणि कातताना ते पत्र्यासारखं उडतं. शंका असेल तर वाळल्यावर नखानं तुकडाभर टकटक करत जा. पोकळ जागेचा आवाज वेगळा येतो. तशी जागा सापडली तर टोकाकडून पातळ सायनोअॅक्रिलेट सोडून ते आत झिरपू द्यायचं.

शिसव आणि त्याच्या जातीची लाकडं तेलकट असतात. गोंद वरवर वाळल्यासारखा दिसतो आणि महिन्याभरात सुटतो. भोकात अॅसिटोनमध्ये बुडवलेला बोळा फिरवून, ते पूर्ण उडून गेल्यावर लगेच चिकटवायचं.

गोंद नळीच्या आत जाऊ नये म्हणून नळीचं तोंड आधी बंद करायचं. कच्च्या बटाट्याची अर्धा सेंटिमीटर जाड चकती कापायची आणि नळी तिच्यात दाबायची. तोंडाला नेमकं बूच बसतं. गोंद वाळला की ते टोकरून काढायचं. एपॉक्सीबरोबर हे उत्तम जमतं. ओल्या बटाट्यानं झटपट गोंद मात्र आणखी लवकर धरतो, तिथे मेण वापरावं. ही किरकोळ वाटणारी पायरी मी जोर देऊन सांगतो, कारण हिचं पुढे काय होतं ते जोडणीच्या वेळी दिसेल.

गुण्यात असणं

सुतार एखादा सांधा बरोबर काटकोनात आहे का ते गुण्या लावून बघतो आणि म्हणतो, "गुण्यात आहे." पेनाच्या चारही टोकांचं लाकूड नळीशी असं गुण्यात हवं. त्यासाठी एक खास कटर मिळतो. त्याची दांडी नळीत जाते आणि दाते टोक सपाट करत जातात. पितळेचं तोंड चमकायला लागलं की त्याच क्षणी थांबायचं. पुढे गेलात तर नळीच आखूड होते. खालची नळी मिलिमीटरभर आखूड झाली तर घाबरू नका. जोडताना यंत्रणा तेवढी कमी दाबायची, रिफिल बरोबर जागी येतं.

टोक तिरकं राहिलं तर दोन गोष्टी होतात. जोडल्यावर कडी आणि लाकूड यांच्यामध्ये एका बाजूला चंद्रकोरीसारखी फट दिसते. ही निदान डोळ्यांना दिसते तरी. दुसरी लेथवर होते. पेनाचे दोन्ही भाग ज्या सळईवर ओवतात त्या मँड्रेलची जाडी जेमतेम सव्वासहा मिलिमीटर असते. ओवलेले तुकडे नट फिरवून घट्ट केले की तिरकी टोकं एकमेकांवर दाबली जाऊन सळई किंचित वाकते. मग लाकूड वेगळ्याच अक्षाभोवती फिरतं आणि नळीच्या एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी उरतं. जोडल्यावर बोट फिरवा. एका बाजूला लाकूड टोकाच्या वर आलेलं लागतं, समोरच्या बाजूला धातूची कड टोचते.

हेच टेलस्टॉक, म्हणजे सळईचं मोकळं टोक दाबून धरणारा लेथचा सरकता भाग, जास्त आवळल्यानंही होतं, आणि मला वाटतं घरगुती वर्कशॉपमधल्या अंडाकृती पेनांचं हे सगळ्यात मोठं कारण असावं. तपासायचं असं: लेथ चालू असताना टेलस्टॉक अगदी थोडा सैल करा. थरथर कमी झाली तर तुम्ही सळई वाकवत होतात. एका हाताच्या दोन बोटांनी जेवढं आवळता येतं तेवढं पुरतं. कायमचा उपाय म्हणजे सळई सोडून देणं आणि एकेक तुकडा दोन टोकदार सेंटरच्या मध्ये, बुशांवर, म्हणजे तुकड्याच्या दोन्ही टोकांना लावायच्या पेनाच्या मापाच्या पोलादी कड्यांवर, धरून कातणं. वेळ दुप्पट लागतो, पण पेन खरंच गोल होतं.

कातताना उडालेली कपची

चौकोनी तुकडा गोल करताना सगळ्यात जास्त कपच्या उडतात. आधी रंध्यानं किंवा चाकूनं चारही कोपरे मारून आठ बाजू करून घ्या. पटाशी नेहमी मधून टोकाकडे न्यायची. टोकाकडून मध्ये आणली तर ती तंतूंच्या उघड्या तोंडात शिरते आणि नळीपर्यंत सोलून काढते. शेवटचा एक मिलिमीटर उरला की थांबून पटाशी पुन्हा पाजळायची, हात शिवशिवत असला तरी.

कपची उडालीच तर लेथ लगेच बंद करा आणि जमिनीवर बघा. सापडलेली कपची जागच्या जागी चिकटवली की सांधा ओळखू येत नाही, कारण नस तीच असते. नाही सापडली तर त्याच लाकडाचा बारीक भुसा खड्ड्यात भरून त्यावर पातळ सायनोअॅक्रिलेटचे दोन थेंब सोडतात. एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: भुसा आणि गोंदाचं मिश्रण मूळ लाकडापेक्षा बरंच गडद होतं. शिसवात, चिंचेत ते लपतं. फणसात, हेदूत ते डागासारखं दिसतं. फिक्या लाकडावर मी डाग लपवत बसत नाही, तेवढा भाग कापून तिथे गडद चकती घालतो.

घासताना दोन सवयी पुरतात. पेपर १८०, २४०, ३२०, ४००, ६०० असा क्रमानं न्यायचा आणि दर नंबरनंतर लेथ थांबवून लांबीत घासायचं, म्हणजे आडवे गोल ओरखडे जातात. दुसरी, पेपर बुशाला लागू द्यायचा नाही. पोलादाची काळी भुकटी फिक्या लाकडाच्या रंध्रांत बसते. ती ओल्या फडक्यानं पुसायला गेलात तर आणखी खोल जाते. हलक्या हातानं पटाशीचा एक पातळ पदर काढणं हाच मार्ग.

चकाकीचे दुखणे

पेन दिवसभर घामेजल्या हातात असतं. लाखेचं पॉलिश दिसायला अप्रतिम. चन्नपट्टणाचे कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेनं ती वितळून लाकडावर बसते, मग केवड्याच्या जातीच्या पानानं घासून चमक आणतात. खेळण्यांना ते शोभतं. पण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि सॅनिटायझर लावलेल्या हातात असं पेन चार दिवसांत चिकट होतं. म्हणून पेनावर बहुतेक जण सायनोअॅक्रिलेटचेच सहा-आठ पातळ हात देतात.

हे करताना कापडाचा बोळा कधीही घेऊ नका. सुती कापड आणि सायनोअॅक्रिलेट यांची जोरात प्रक्रिया होते, क्षणात धूर निघतो आणि बोट भाजतं. शिवाय फिरत्या लेथवर कापड गुंडाळलं गेलं तर बोटही ओढलं जातं. घडी केलेला टिश्यू पेपर वापरा, गुंतला तर फाटून सुटतो. डोळ्यांवर चष्मा, तोंडावर चांगला मास्क आणि बाह्या कोपरापर्यंत वर. शिसवाच्या भुशानं अंगावर खाज आणि दमा होणारी माणसं आहेत. ती तक्रार पहिल्या पेनाला होत नाही, विसाव्याला होते.

पावसाळ्यात हा थर पांढुरका पडतो. थर जाड दिला किंवा आधीचा पुरता वाळायच्या आत पुढचा चढवला की वरचा पापुद्रा ओलाव्यानं झटकन धरतो आणि खालचं ओलं तसंच अडकतं. वरवरची पांढरी भुकटी असेल तर ती पुसली जाते. ढगासारखं आत दिसत असेल तर ते घासून लाकडापर्यंत जावंच लागतं. वरून कितीही चकाकी दिली तरी ढग झाकला जात नाही. पाऊस उघडलेल्या दुपारी, दोन-दोन थेंबांचे हात द्या.

पेन बुशाला चिकटून बसणं ही तर रोजचीच गोष्ट. आधी बुशांना मेण चोळा. तरी चिकटलं तर ओढू नका, पापुद्रा टोकापासून उचलला जातो. चाकूची धार सांध्यावर टेकवून पेन हातानं एक फेरा फिरवा, रेघ पडली की हलका पीळ द्या.

जोडताना आणि सोडवताना

आता बटाट्याच्या चकतीकडे परत येतो. नळीत गोंदाचा एवढासा थेंब वाळून राहिला असेल, तर धातूचा भाग दाबताना त्या ठिकाणी नळी बाहेर फुगते. बाहेर सहा दशांश मिलिमीटर लाकूड. टक् असा आवाज येतो आणि सगळं संपतं. म्हणून दाबण्यापूर्वी प्रत्येक नळी उजेडाकडे धरून आरपार बघा, गोल कानस किंवा गुंडाळलेला पॉलिश पेपर आतून फिरवा आणि तोंडाची आतली कड चाकूनं किंचित तासा. वाइसच्या जबड्यांना लाकडी पट्ट्या लावून, सुरुवात अंगठ्यानं सरळ करून मगच हळूहळू आवळा. भाग सैल बसत असेल तर एपॉक्सीचा ठिपका लावा. झटपट गोंद यंत्रणेत झिरपून पीळच अडकवतो, आणि त्याच्या वाफेनं धातूची चमक धुरकट होते.

यंत्रणा दाबताना खुणेच्या अलीकडे थांबा, रिफिल लावून बघा, मग आणखी थोडं दाबा, पुन्हा बघा. जास्त दाबली गेली तर रिफिल आत ओढल्यावरही बाहेर डोकावत राहतं आणि खिशाला शाई लागते. तेव्हा यंत्रणेच्या पितळी भागाला चामड्याचा तुकडा गुंडाळून पक्कडीनं धरायचं आणि पीळ देत देत मागे खेचायचं. मिलिमीटरभर मागे आली तरी पुरे.

ताईचं पेन कुरिअरनं माझ्याकडे आलं तेव्हा जूनचा तिसरा आठवडा होता आणि चार दिवस संततधार लागली होती. मी भिंगाखाली चीर शोधली तर ती जवळजवळ मिटली होती. नखाला लागत नव्हती. लाकडानं पाणी पिऊन स्वतःची जखम बुजवली होती. त्याच वेळी तीत पातळ गोंद सोडला असता तर पेन आठ महिने नवं दिसलं असतं आणि पुढच्या एप्रिलला चिरीच्या शेजारीच दुसरी पडली असती. उन्हाळ्यात उघडी असताना भरली असती तर पावसाळ्यात फुगलेल्या लाकडाला जागाच उरली नसती आणि वरचा थर उचलला गेला असता.

चीर वरच्या भागात होती, ते एक बरं. वरचा भाग हातानं सरळ ओढला की सुटतो. आतून नळीच्या मापाची सळई घालून टोपी आणि क्लिप दोन टोल्यांत बाहेर काढली. खालचा भाग तसाच ठेवला. त्याच फणसाच्या फळीतला शेजारचा तुकडा डब्यात सिलिका जेलबरोबर घातला आणि दर रविवारी तोलला. तुकड्यावर अजून आकडे आहेत: २७.४, २६.१, २५.५, २५.३, २५.३, २५.३. नागपूरच्या उन्हाळ्यापेक्षा तो थोडा ओला असेल आणि पावसाळ्यापेक्षा बराच कोरडा. एका बाजूला झुकायचंच असेल तर कोरडेपणाकडे झुकावं. फुगलेलं लाकूड नळीपासून सुटायला बघतं, पण उभं फाटत नाही.

कातून, जोडून झाल्यावर दोन भागांच्या रंगांत फरक दिसला. फणसाचं लाकूड उजेडानं तपकिरी होत जातं. खालचा भाग वर्षभरात मधासारखा झालाय आणि वरचा अजून हळदीसारखा पिवळा आहे. पेन पाठवताना ताईला कळवलं, की दोन-एक वर्षांत रंग जुळेल, तोवर ते डिकीत ठेवू नकोस, पर्समध्ये ठेव.